इंजिन सोडून येता येत नाही

ड्रमकेरी कोळसाखाण, स्कॉटलंड
९ ऑक्टोबर १७२७

ताई,

एका घोर अन्यायाची नोंद जगात कुठेतरी व्हावी, म्हणून हे पत्र लिहितो आहे. इथल्या कारभाऱ्यांच्या बायकोची एक लाल कोंबडी गेले सोळा दिवस माझ्या टोपीत बसते. टोपी एकच आहे. कोंबड्या त्यांच्याकडे अकरा आहेत. या सगळ्या मुलखात ऊब असलेली जागा एकच, माझं इंजिनघर; आणि इंजिनघरात मऊ वस्तू एकच, माझी टोपी. हे त्या कोंबडीने ज्या अकलेने हुडकून काढलं, तिच्या निम्मी अक्कल इथल्या जहागीरदारांना असती तर त्यांची खाण एव्हाना सोन्याची झाली असती. मी रीतसर तक्रार केली. कारभारी निनियन डॅलग्लीश यांनी दोन्ही बाजू ऐकून निकाल दिला: अंडं कोंबडीच्या मालकिणीचं, टोपी माझी, आणि टोपीत अंडं असेपर्यंत टोपीला हात लावणं म्हणजे चोरी. मी बोडक्याने हिंडतो आहे. पाऊस पडतो आहे.

बाकी सगळं उत्तम.

पत्राचं टपाल घेणाऱ्याने भरायचं असतं, हा नियम ज्याने केला त्याला माझ्यासारखा भाऊ नसावा. तू हे पत्र सोडवून घेतलंस की परत धाडलंस, मला कळणार नाही. घेतलं असशील तर तुझे पैसे वसूल व्हावेत म्हणून बारीक अक्षरात लिहितो.

मी इथे फेब्रुवारीच्या दोन तारखेला आलो. जहागीरदारांनी पाणी उपसायचं इंजिन मागवलं होतं. सुटे भाग दोन जहाजांतून आले आणि ते कसे जोडायचे हे ठाऊक असलेला माणूस तिसऱ्या जहाजातून आला. तो मी. जूनपासून इंजिन चालतं आहे. इथल्या लोकांना वाटतं वाफ पाणी उचलते. मी रोज समजावतो, की बाबांनो, वाफेच्या हातून काडीही उचलली जात नाही. बंबात वाफ होते, पितळी नळ्यात चढते, मग आम्ही आत गार पाण्याची चिळकांडी सोडतो. वाफ मरते, नळ्यात पोकळी होते, आणि बाहेरची हवा दट्ट्याला खाली दाबते. दट्ट्या एका मोठ्या तुळईला टांगलेला; तिचं हे टोक खाली आलं की ते टोक वर जातं आणि त्याच्याबरोबर खाणीच्या तळाचं पाणी. काम सगळं बाहेरच्या हवेचं. वाफेने फक्त वेळेवर मरायचं, मिनिटाला बारा वेळा.

भाऊजींचं नाक कसं आहे? बाबांच्या दफनाच्या दिवशी ते माझ्या मुठीवर येऊन आपटलं याचं मला वाईट वाटतं. पण आपलं नाक कुठे चाललं आहे हे नाकवाल्याने बघायचं असतं. चर्चच्या कोर्टाने मात्र तसा विचार केला नाही. प्रायश्चित्त म्हणून तीन रविवार पांढरी चादर पांघरून अख्ख्या कोल्डहीथ गावासमोर उभं राहा म्हणाले. पांढरा रंग मला शोभत नाही, म्हणून मी उत्तरेला आलो. एवढीच हकिकत आहे. लोक वाढवून सांगत असतील.

तुझा,
एनॉक


ड्रमकेरी
३ नोव्हेंबर १७२७

ताई,

उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती. तरी लिहितो, कारण इथे काल एक बारसं झालं आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

एका खाणकऱ्याला मुलगी झाली. पाद्र्यांनी डोक्यावर पाणी घातलं, पोर रडलं, आणि कारभारी डॅलग्लीश यांनी पुढे होऊन पोरीच्या बापाच्या हातात दोन नाणी आणि लोकरीचं कापड ठेवलं. मला भरून आलं. म्हटलं, उगाच या माणसाला कोंबडीवरून बोललो. मी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच वाजवल्या.

शेजारी ग्रिझेल उभी होती. ग्रिझेल म्हणजे इथली कोळसा वाहणारी बाई, तिशीची असेल, नवरा दोन वर्षांपूर्वी खाणीत गेला. तिचा भाऊ तळाशी कोळसा फोडतो आणि ती तो पाटीत भरून, कपाळपट्टा लावून, पाठीवरून जिन्याने वर आणते. दिवसाला दहा खेपा. अधूनमधून हात शेकायला इंजिनघरात येते आणि मी काय चुकतो आहे ते सांगून जाते. सहसा बरोबर असते.

ती म्हणाली, “मिस्त्री, टाळ्या कशाला? पोर विकलं गेलं आत्ता.”

“म्हणजे?”

“विसार दिला ना. बापाने घेतला. आता ती जहागीरदारांची. पाच-सहा वर्षांची झाली की पाटी, आणि मरेपर्यंत पाटी. खाण विकली तर पाटीसकट तीही विकली.”

मला वाटलं थट्टा करते आहे. तिला थट्टेची सवय आहे. पण आसपासचं कुणी हसलं नाही.

“तुझाही दिला होता?” मी विचारलं.

“दिला की. एक जोड बूट. बाप सांगायचा, दोन वर्षांत तळ गेला बुटांचा. मी बघा, अजून टिकलेय.”

शंभर-सव्वाशे वर्षांचा कायदा आहे म्हणे. कोळसा फोडणारे, वाहणारे सगळे खाणीला बांधलेले. पळालं तर धरून आणतात, आणि फटके देतात ते पळाल्याचे नाहीत; जहागीरदारांचा माणूस, म्हणजे स्वतःलाच, चोरून नेल्याचे. मी म्हटलं, बिचारे. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, “आणि पाणी उपसणारे. त्यांचंही नाव आहे त्यात.”

“मी इंजिन चालवतो.”

“आणि ते काय उपसतं? दूध?”

मी हसलो. तिने बोटावर मोजून दाखवलं. बाहेरचा माणूस एका खाणीवर एक वर्ष आणि एक दिवस राहिला की तो त्या खाणीचा. विसार नको, सही नको, फक्त दिवस भरायला हवेत. “तुम्ही दोन फेब्रुवारीला आलात,” ती म्हणाली, “त्याच आठवड्यात माझी शेळी व्यायली, म्हणून लक्षात आहे. तीन महिने उरलेत. हिवाळा बघत बसू नका.”

तर ताई, मी महिनाअखेरीस निघतो. काळजी नको. तीन महिने हाताशी आहेत आणि मोजता मला येतं. खरं सांगायचं तर इथल्या लापशीपुढे ती पांढरी चादरसुद्धा बरी वाटायला लागली आहे.

एनॉक


ड्रमकेरी
२८ नोव्हेंबर १७२७

ताई,

हे पत्र परत धाडू नकोस. आधीची दोन धाडली असशील तर त्यात काही बिघडलं नाही. हे मात्र वाच.

मंगळवारी मी कारभाऱ्यांकडे गेलो. टोपी हातात होती (कोंबडीची कृपा संपली आहे). म्हटलं, “कारभारी, शनिवारी मी निघतो.”

“निघा की,” ते म्हणाले. “कुठे?”

“घरी.”

“घरीच तर आहात तुम्ही, मास्तर एनॉक.” आणि त्यांनी कपाटातून माझा करार काढला. माझ्याच हातचा. खाली माझी सही आणि तारीख. “हे अक्षर कुणाचं?”

“माझं.”

“वाचा.”

मी वाचलं. दोन फेब्रुवारी १७२६.

“आणि आज आहे नोव्हेंबर एकवीस,” ते म्हणाले. “एकवीस महिने उलटून गेले. एक वर्ष आणि एक दिवस केव्हाच भरला. आम्ही बोललो नाही, म्हटलं तुम्हाला वाईट वाटेल.”

तुझ्या ध्यानात आलं का? माझ्या ध्यानात यायला पाच मिनिटं लागली आणि ती पाच मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. आपल्याकडे साल बदलतं पंचवीस मार्चला. जानेवारी आणि फेब्रुवारी जुन्याच सालात मोडतात. इथे मात्र साल जानेवारीच्या एक तारखेला बदलतं, आजोबा-पणजोबांच्या काळापासून. मी आलो तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने सव्वीस सालच्या शेपटाचा, आणि यांच्या हिशेबाने सत्तावीस सालच्या तोंडाचा. मी आयुष्यभर लिहिलं तसं सव्वीस लिहिलं. इथे तो कागद वाचणाऱ्याला वाटणार, हा इंग्रज वर्षभर आधीच आला होता. फाशी देणाऱ्याला दोर आणून देणारे पाहिले होते. स्वतःच्या मापाचा दोर स्वतः वळून, गाठ मारून, तारीख घालून देणारा मीच.

मी हे सगळं त्यांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“असं होय,” ते म्हणाले. “म्हणजे तुमच्याकडे नवं साल वसंतात येतं. छान वाटत असेल.”

“कारभारी, मी कधी आलो हे तुम्हाला माहीत आहे. बंदरावर तुम्हीच आला होतात घ्यायला.”

“मला माहीत असून काय उपयोग? कागदाला माहीत पाहिजे.”

खाणीवरच्या लोकांची साक्ष चालत नाही, ते जहागीरदारांचेच. पाद्री रविवारचं जेवण जहागीरदारांकडे जेवतात आणि त्यांची स्मरणशक्ती सोमवारपर्यंत टिकत नाही. सव्वीस सालच्या उन्हाळ्यापासून पुढे मी इंग्लंडात होतो असा शिक्क्याचा कागद आणला, तर न्यायाधीश बघतील म्हणाले. माझ्या आधीच्या मालकांना मी न सांगता सोडून आलो, ते माझ्यासाठी एक ओळ लिहिणार नाहीत. मी तीन दिवस डोकं खाजवलं. त्या सबंध वर्षात माझं नाव जगात कुठे लिहिलं गेलं?

एकाच ठिकाणी. कोल्डहीथच्या चर्चच्या कोर्टात, नोव्हेंबर १७२६. नोव्हेंबर दोन्ही देशांत एकाच सालात पडतो. देवाची दया.

ताई, त्या निकालाची नक्कल पाद्रीसाहेबांच्या सहीशिक्क्याने हवी आहे. २ फेब्रुवारीच्या आत. त्यानंतर खरोखरीच वर्ष भरतं आणि मग कुठलाही कागद उपयोगाचा नाही.

आणि निकालात ‘मुठीवर आपटलं’ असं लिहिलेलं नसेल, हे मला माहीत आहे. ठोसा मारला असं लिहिलं असेल. मारला. मीच.

एनॉक


ड्रमकेरी
३० डिसेंबर १७२७

ताई,

बत्तीस दिवस झाले. इथे नाताळ पाळत नाहीत. पाळणाऱ्याकडे पाद्री चोराकडे बघावं तसं बघतात. पंचवीस तारखेला मी बंबाची राख काढली.

सव्वीसला सकाळी पळालो. तुला म्हणून सांगतो. इंजिनाचा विस्तव दाबून ठेवला, झडपा आपोआप हलतील अशा तुळईला बांधल्या, भाकरीचा तुकडा खिशात घातला आणि चालू लागलो. पूल तीन मैलांवर आहे. पुलापलीकडे दुसरा परगणा. वाऱ्यावर इंजिनाचा आवाज पाठीमागून येत होता. तुळई खाली, साखळीचा खडखडाट, मग तो शिंकेसारखा फुसकारा, पुन्हा तुळई खाली. पुलाला दोनशे पावलं उरली होती आणि आवाज लांबायला लागला. मिनिटाला बारावरून नऊ. सहा. एक फुसकारा आला आणि पुढचा आलाच नाही.

मी उभा राहिलो. इंजिन थांबलं की तळाशी पाणी तासाला गुडघाभर चढतं. खाली एकतीस माणसं होती. वर कुणाला झडप लावता येत नाही, ग्रिझेल सोडून, आणि ग्रिझेल खाली होती.

तीन मैल मी पळत परत आलो. या वयात पळणं म्हणजे काय हे भाऊजींना विचार. इंजिन चालू झालं तेव्हा खालच्या लोकांना पाणी मांड्यांपर्यंत आलं होतं. दाराशी कारभारी उभे होते. त्यांनी कुणाला माझ्या मागे पाठवलंच नव्हतं.

“फिरायला गेला होतात?” ते म्हणाले. “हवा चांगली आहे.”

तेव्हा मला कळलं की कागद त्यांच्या कपाटात नसता तरी चाललं असतं.

ग्रिझेल वर आली ती कमरेपर्यंत भिजलेली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, “पुढच्या वेळी जायचं असेल तर मला सांगून जा. मी वर थांबेन.” आणि शेकोटीजवळ बसून पायातला चिखल काढायला लागली. मला वाटलं शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

इथल्या बायकांच्या भल्यासाठी तरी हे इंजिन आणलं असं मी सगळ्यांना सांगत असे. आधी या बायका चामडी बादल्यांनी पाणी ओढायच्या. मी म्हणायचो, बघा, तुमच्या बादल्या सुटल्या. जहागीरदारांनी परवा हुकूम काढला आहे: आता पाणी निघतं, तर खाण अठरा वाव (सहा फुटांचा एक वाव) खोल होती ती तीस वाव करा. ग्रिझेल म्हणाली, “आम्हाला एवढी वर्षं कुणी राखलं असेल तर पाण्याने. अठरा वावाखाली ते आम्हाला जाऊ देत नव्हतं. तुम्ही त्याला हाकललं. पायऱ्या वाढल्या, मिस्त्री.” रागाने नाही म्हणाली. हवामान सांगावं तसं म्हणाली.

आता जे लिहायचं टाळतो आहे ते लिहितो.

बाबा सात महिने अंथरुणावर होते. तू मला चार पत्रं पाठवलीस. मी चारही वेळा एकच उत्तर लिहिलं: इंजिन सोडून येता येत नाही. ताई, तेव्हा त्या जुन्या मालकांकडे आम्ही चार मिस्त्री होतो. पाळ्या होत्या. मी रविवारी मासे धरायला जात असे. बाबा जाताना कसे दिसतील, काय बोलतील, आपल्याला काय विचारतील, याची मला भीती वाटत होती. इंजिन चांगलं होतं. ते काही विचारत नाही.

आणि मग कबरीपाशी भाऊजी माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “इंजिन थांबलं वाटतं, एनॉक?”

एवढंच. म्हणून मारलं. ते खोटं बोलले असते तर मी मारलं नसतं.

आता इथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी खरोखरीच इंजिन सोडून येऊ शकत नाही. देव माझ्याशी जरा उशिराच थट्टा करायला लागला आहे, पण मन लावून करतो आहे.

कागद पाठवणार नसशील तर मी समजेन.

एनॉक


ड्रमकेरी
२० जानेवारी
(साल तुझं १७२७, इथलं १७२८; आता दोन्ही लिहायला शिकलो आहे)

ताई,

पुडकं पोचलं. चौदा तारखेला एक फेरीवाला सुया, फिती आणि माझी सुटका अशा तीन वस्तू घेऊन बर्फातून आला. आत तुझी एक ओळही नाही. मी कागद तीनदा उलटून पाहिला. निकालाची नक्कल आहे, पाद्रीसाहेबांची सही आहे, मेणाचा शिक्का न तडकता आला आहे, कारण तू त्याभोवती लोकर गुंडाळली होतीस. लोकर राखाडी आहे. बाबांच्या पायमोज्यांची आहे. मी ओळखली.

आणि खाली भाऊजींचं शपथपत्र. ते मी मागितलंच नव्हतं. ‘मी, ओबाडाया, शपथेवर सांगतो की १७२६ च्या ऑक्टोबरात माझ्या मेहुण्याने माझं नाक मोडलं, ते अद्याप डावीकडे झुकलेलं आहे, आणि तो त्या वेळी कोल्डहीथमध्ये नव्हता असं जो म्हणेल त्याने येऊन माझं नाक पाहावं.’ त्यांना माझा नमस्कार सांग. नुसता नमस्कार पुरणार नाही हे ठाऊक आहे.

गुरुवारी न्यायाधीशांपुढे उभा राहिलो. कारकुनाने भर कचेरीत सगळं मोठ्याने वाचलं. दफन, ठोसा, चादर, पलायन. लोक बाकांवर वाकून वाकून हसत होते. जे कोल्डहीथला तीस माणसांसमोर ऐकायला नको म्हणून मी पळालो, ते इथे शंभर अनोळखी माणसांसमोर ऐकलं, आणि आज्ञा झाली असती तर पुन्हा एकदा वाचून दाखवा म्हटलं असतं. न्यायाधीश इंग्लंडात शिकलेले निघाले. पंचवीस मार्चचं मला समजवावं लागलं नाही. कारभाऱ्यांना त्यांनी एकच विचारलं, “हा माणूस एकाच वेळी इथे पाणी उपसत होता आणि तिथे नाक मोडत होता, असं तुमचं म्हणणं आहे काय?”

कारभारी म्हणाले, “कागदाचं तसं म्हणणं होतं.”

निकाल असा: २ फेब्रुवारीच्या सूर्यास्ताआधी पूल ओलांडला तर मी मोकळा. नाही तर पुढे बोलणं नाही.

परतताना कारभारी माझ्याबरोबर चालत होते. जराही रागावलेले नव्हते. म्हणाले, “आता इंजिन कोण चालवणार?”

“आज कोण चालवतं आहे?”

ते थांबले. दुरून आवाज येत होता. मिनिटाला बारा, मोजून बारा.

“बाई?” ते म्हणाले.

“तिला वेगळी मजुरी द्या.”

“ती आमचीच आहे, मास्तर. आपल्याच माणसाला वेगळं काय द्यायचं?” पण विचार त्यांना पसंत पडला हे दिसत होतं. फुकटच्या गोष्टी त्यांना पसंत पडतात.

ग्रिझेलला मी सांगितलं, की तुझ्या मनात नसेल तर मी तसं कळवतो. ती म्हणाली, “इथे ऊब आहे. पायऱ्या नाहीत. आणि खाली माझा भाऊ आहे, तेव्हा मला डुलकी लागायची नाही. यापेक्षा चांगली बेडी कुठे मिळणार?” त्या दिवशी मी कचेरीत असताना ती पहाटेपासून संध्याकाळपर्यंत इंजिनाजवळ बसली होती. तिच्या भावाने फोडलेला दहा खेपांचा कोळसा खाली तसाच पडून राहिला. इथली रीत अशी, की ज्याच्या घरचा कोळसा त्याच्याच घरच्या पाठीवरून वर यायचा. दुसरी बाई हात लावत नाही. आता तिच्या जागी पाटीला नवा माणूस मिळेपर्यंत सकाळी इंजिन आणि दुपारनंतर पाटी असं तिचं चाललं आहे. त्या दहा खेपा कधी फिटायच्या हे मी विचारलं. ती म्हणाली, “तुम्ही पुलाचं बघा.”

मी म्हटलं, कधी जमलं तर आमच्याकडे ये, माझी बहीण तुला ओट न घातलेलं जेवण देईल. बोलून गेलो आणि जीभ चावली. तिने झडपेवरचा हात न काढता माझ्याकडे पाहिलं. “इंजिन सोडून कशी येणार?” ती म्हणाली. चौघे मिस्त्री नाहीत इथे. पाळ्या नाहीत.

तीन रविवार उभा राहीन. चादर घरचीच चालते का, पाद्रीसाहेबांना विचारून ठेव.

एनॉक


ड्रमकेरी
१ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र माझ्याआधी पोचणार नाही कदाचित. तरी लिहितो, कारण दम खायला बसलो आहे आणि नुसतं बसलं तर पाय आखडतात.

सामान बांधून झालं. उद्या दुपारपर्यंत पूल. आज सकाळी मी ग्रिझेलला म्हटलं, तू आज दिवसभर वर बस, बंबाची शिवण झिरपते आहे तिकडे लक्ष दे. शिवण झिरपत नव्हती. तिला ते कळलं असणार. मी तिची पाटी घेतली आणि जिना उतरलो.

तिच्या भावाने मला पाहून फावडं खाली ठेवलं. “मिस्त्री, वाट चुकलात?”

“तुझा कोळसा न्यायला आलो.”

“हा घरच्यांनी न्यायचा असतो.”

“आजच्या दिवस घरचा समज. पाटी घरचीच आहे.”

त्याने पट्टा माझ्या कपाळावर ओढून पाहिला. मग पाटी भरली. अर्धीच भरली. मी म्हटलं, पूर्ण भर. म्हणाला, “जिना बघितलाय का?” मी म्हटलं, रोज वरून बघतो. तो हसला आणि त्याने ती पूर्ण भरली.

ताई, जूनपासून मी या खाणीतून मिनिटाला किती पाणी निघतं, किती उंच चढतं, किती कोळशात चढतं, याचे आकडे कारभाऱ्यांना देत आलो. पायऱ्या मात्र मी कधी मोजल्या नव्हत्या. एकशे सत्तावीस आहेत, आणि तीस वाव झाल्यावर दोनशेच्या वर जातील. पट्टा कपाळाला लागला की माणसाला फक्त पुढच्या बाईच्या टाचा दिसतात. मागच्या बाईला माझ्या दिसत होत्या. “कोण गं हे पुढे, म्हातारी गाय?” ती ओरडली. “इंग्लंडची आहे,” पुढची म्हणाली, “दूध कमी देते.” सगळा जिना हसत वर चढला. तिसऱ्या खेपेनंतर कुणी हसलं नाही. पाचव्या खेपेला मागच्या बाईने पाटीला खालून हात दिला आणि वळणापर्यंत काढला नाही.

आठ झाल्या. आठवी टाकून इंजिनघराच्या दाराशी हे लिहितो आहे. आत ग्रिझेल पाय पसरून बसली आहे, कोरड्या पायांनी. मघाशी तिने विचारलं, “किती झाल्या?”

“आठ.”

“पुरे झालं, मिस्त्री. उजेड जाईल.”

मी म्हटलं, अजून आहे थोडा. तिने भाकरीचा तुकडा माझ्याकडे सरकवला आणि झडपेकडे वळली.

भाकरी संपली आहे. दोन खेपा उरल्या. शाई वाळेपर्यंत जाऊन येतो.

एनॉक